गळक्या होडीचं बूड: कशानंतर काय करायचं

होडी वर ओढायची, उन्हात कडकडीत वाळवायची, फटी दिसतील तिथे इपॉक्सी पुट्टी दाबून भरायची, वरून रंग मारायचा आणि नारळ फोडून पाण्यात ढकलायची. पंधरा दिवसांत पूर्वीपेक्षा जास्त पाणी. गोव्यात चोडण, दिवाडी, शिवोली, बेतुल, कुठेही विचारा, दरवर्षी कुणाची तरी ही कथा असतेच. एका वर्षी ती माझी होती. १८ फुटी सागवानी होडी, आत लहान डिझेल इंजिन, आणि मे महिन्यातला माझा उत्साह. फळ्या पाणी पिऊन फुगल्या तेव्हा त्यांना फुगायला जागाच नव्हती, कारण प्रत्येक फटीत दगडासारखी घट्ट पुट्टी बसलेली. फळ्यांनी मग वांक (होडीच्या आतल्या बरगड्या) मोडले. एक नाही, तीन.

पुढे लिहिलेलं सगळं फळीला फळी भिडवून वांकांवर खिळलेल्या होडीसाठी आहे. प्लायवूडच्या किंवा फायबरच्या होडीला यातलं फारसं लागू पडत नाही. दोन शब्द आधीच सांगून ठेवतो: पठाण म्हणजे होडीचा तळकणा, आणि नाळ म्हणजे पुढच्या टोकाचं उभं लाकूड.

## तयारी: वेळ, जागा, सामान

लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं. वाळलं की फळी अरुंद होते, सांधा उघडतो. भिजली की पुन्हा रुंद होते, सांधा मिटतो. लाकडी होडीचं निम्मं जलरोधन या फुगण्यावरच चालतं, म्हणून तिला फार वाळवायचं नाही आणि ओली ठेवून रंगवायचंही नाही. गोव्यात मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंतचं ऊन या कामाला वाईट, आणि जून ते सप्टेंबरची दमट हवा रंगाला वाईट. नवरात्रानंतर होडी वर काढावी, महाशिवरात्रीच्या आत पुन्हा पाण्यात सोडावी. यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते, त्यामुळे मच्छीमारांचा हात नेमका पावसात मोकळा होतो. त्यांनी मांगराखाली, म्हणजे शेडखाली, सुतारकाम तेवढं उरकून घ्यावं; सांधे आणि रंग कोरड्या उघडिपीसाठी राखून ठेवावेत.

जागा सावलीची हवी. माडाच्या झापांचा मांडव पुरतो. प्लास्टिकची ताडपत्री थेट होडीवर टाकू नका. खाली वाफ कोंडते आणि आतून बुरशी धरते.

सामानात बारीक हातोडी, अणकुचीदार टोचा, खडू, जुन्या कानसीच्या शेपटीला वाकवून केलेली आकडी, कलफाताच्या (सांध्यात कापूस ठोकून भरण्याच्या) दोन-तीन बोथट छिण्या, लाकडी मोगरी, लांब धाग्याचा कापूस, बेलतेल (रंगकामाचं जवसाचं तेल), लांबी (सांधे बुजवायचा मऊ लगदा), प्रायमर, आणि दोन पंप: एक बॅटरीवर चालणारा, एक हाताचा. शिवाय एक वही. ती का, ते पुढे कळेल.

लाकडासाठी परड्यातल्या फणसावर नजर असेल तर थांबा. १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार खासगी जमिनीतलं झाड तोडायलाही परवानगी लागते. वखारीतून पावती घेऊन आणलेलं लाकूड स्वस्त पडतं. इंजिन बदलायचा विचार असेल तर होडीची नोंद जिथे आहे तिथे, म्हणजे कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्यात किंवा मासेमारीची होडी असल्यास मत्स्योद्योग खात्यात, आधी विचारून घ्या.

## टप्पा १: होडी पाण्यात असतानाच गळती पकडा

हा टप्पा दहातले नऊ जण गाळतात. होडी वर काढल्यावर सगळेच सांधे उघडे दिसतात, मग खरा चोर ओळखायचा कसा?

तळातलं पाणी पूर्ण उपसा, स्पंजाने टिपून घ्या, आणि फळ्यांवर खडूची पूड भुरभुरवा. दहा-पंधरा मिनिटांत पाण्याच्या रेघा उमटतात. रेघ जिथून सुरू होते ती जागा मोजून वहीत लिहा: नाळेपासून किती फूट, पठाणापासून कितवी फळी, डावी की उजवी. पाणी तळाशी कुठेही साचतं, म्हणून साचलेल्या जागेवरून निष्कर्ष काढू नका.

बहुतेक वेळा चोर चार-पाच ठिकाणीच सापडतो: पठाणाला लागून असलेल्या पहिल्या फळीचा सांधा, नाळेत फळ्या शिरतात ती खाच, मागची आडवी पाटी, पंख्याचा शाफ्ट बाहेर पडतो ती नळी आणि तिचं ग्लँड (शाफ्टभोवती पॅकिंग दाबून पाणी अडवणारा भाग), आणि इंजिनच्या थंडाव्यासाठी पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह. निम्म्या "बूड गळतं" तक्रारी ग्लँडच्या निघतात आणि तासाभरात मिटतात.

मग इंजिन चालू करून गिअर टाका. उभ्या होडीत कोरडी असलेली जागा शाफ्ट फिरताना गळू लागली, तर दोष ग्लँडचा किंवा इंजिनखालच्या पाटांचा आहे, सांध्यांचा नाही.

पडताळणी: कोरड्या दिवसांत तळातलं पाणी जिभेच्या टोकावर लावून पाहा. खारट असेल तर खालून आलंय. गोड असेल तर ते पावसाचं किंवा दवाचं, वरच्या फळीतून उतरलेलं. मग बूड उकलण्याआधी वरचं छप्पर बघा. डिझेलचा तवंग असेल तर अर्थातच हा प्रयोग नको. आणि पावसाळ्यात मांडवीचंच पाणी गोडं होतं, तेव्हा ही युक्ती चालत नाही.

## टप्पा २: वर ओढणं आणि बसवणं

इंजिन काढता येत असेल तर आधी काढा. नसेल तर निदान बॅटरी, टाकी, नांगर आणि शाफ्टच्या कपलिंगचे बोल्ट. होडी अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला वर घ्या. भांगाच्या, म्हणजे लहान, भरतीला पाणी पुरेसं चढत नाही आणि लोक मग जोर लावून नाळच उचकटतात.

भार पठाणावरच बसला पाहिजे. पठाणाखाली दर तीन-चार फुटांवर जाड ओंडके ठेवा, सगळे एका पातळीत, दोरी ताणून तपासलेले. बाजूचे टेकू होडी कलंडू नये एवढ्यापुरतेच, आणि तेही वांक असेल तिथे. दोन वांकांच्या मधल्या फळीला टेकू लावला तर फळी आत दबते. माझ्या होडीच्या उजव्या बाजूला असा एक खळगा अजून आहे.

बार्नेकल (बुडाला चिकटणारे कवचवाले जीव) आणि शेवाळ त्याच दिवशी, ओलं असतानाच खरडून टाका. दुसऱ्या दिवशी तेच सिमेंट झालेलं असतं.

सावधान: जुन्या होड्यांवर शेंदरी शिशाचा प्रायमर असण्याची शक्यता मोठी. तो कोरडा घासू नका. ओला करून खरडा, मास्क लावा, कपटे गोणीत भरा. नदीत झाडून टाकू नका. मुलांना आणि कोंबड्यांना मांडवाबाहेर ठेवा.

कुंभारजुव्याच्या कालव्याकाठी काम करणाऱ्यांनी काठावर उकिडवं बसून हत्यारं धुताना मागेपुढे बघावं. तिथल्या मगरींना आपल्या वेळापत्रकाशी देणंघेणं नसतं.

## टप्पा ३: ठोका, टोचा, खूण करा

आता संपूर्ण बूड हातोडीने हलकेच ठोकत जा. चांगलं लाकूड खणखणीत बोलतं, कुजलेलं भद्द वाजतं. भद्द वाजेल तिथे टोचा दाबा. सहज घुसला तर खडूने फुली. फळ्यांची टोकं, नाळेची खाच, मागच्या पाटीच्या कडा आणि खिळ्यांभोवतीची जागा विशेष बघा.

खाडीच्या खाऱ्या पाण्यात उभ्या होडीला पोखरकिड्याचा धोका सगळ्यात मोठा. शिपवर्म म्हणतात तो हाच. दिसतो अळीसारखा, जात शिंपल्याची. बाहेर टाचणीएवढं छिद्र असतं आणि आत बोटभर जाडीचे, पांढऱ्या चुन्याचा अस्तर असलेले बोगदे. बाहेरून गुळगुळीत दिसणारी फळी आतून पोळं झालेली असते. असं छिद्र दिसलं तर तिथे एक बारीक ड्रिल मारून बघा. भुगा ऐवजी पोकळी लागली तर त्या फळीवर लांबी भरून काही होणार नाही, ती बदलायचीच.

आतून वांकांखालच्या पाण्याच्या वाटा तपासा. प्रत्येक वांकाच्या बुडाशी पाणी पुढून मागे वाहायला एक खाच असते. ती मासळीचे खवले, रंगाचे पापुद्रे, सिगारेटची थोटकं यांनी बुजते आणि तिथे पावसाचं गोडं पाणी साचून लाकूड कुजतं. खाऱ्या पाण्याने एवढी कुज धरत नाही. जुने लोक तळात मीठ टाकतात ते याचसाठी. तार घालून सगळ्या वाटा मोकळ्या करा.

पडताळणी: टप्पा १ ची वही काढा आणि खडूच्या फुल्यांशी ताडून बघा. गळती नोंदली तिथे फुली नसेल, तर तुमच्या हातोडीने काहीतरी गाळलंय.

## टप्पा ४: आधी सांगाडा, मग फळ्या

मोडक्या वांकावर नवी फळी ठोकणं म्हणजे खचलेल्या जोत्यावर भिंत. क्रम असा: पठाण, वांक, फळ्या.

वांक मोडला असेल तर तो उपटून काढायच्या भरीला पडू नका. त्याच्या शेजारी दुसरा, त्याच वळणाचा जोडवांक बसवा, भेगेच्या दोन्ही बाजूंना पुरेसा लांब. सगळे जोडवांक एकाच फळीवर संपवू नका, तिथेच पुढचा तडा जातो. माटी, म्हणजे ऐन, या कामाला चांगली. नैसर्गिक वळणाची फांदी मिळाली तर उत्तम.

फळी एका वेळी एकच बदला. चार फळ्या एकदम काढल्या की होडी अंग सोडते, आणि नंतर कुठलीच फळी मापात बसत नाही. जुनी फळी न फोडता काढली तर तीच नव्या फळीचा साचा. नवं लाकूड जुन्याच जातीचं, तितक्याच जाडीचं, सावलीत मुरलेलं असावं. वखारीतलं ओलं पाणथळ नको आणि भट्टीतलं कोरडं ठणठणीतही नको. दोन तुकड्यांचा जोड दोन वांकांच्या मधोमध घ्यायचा आणि आतून पाट लावून बळकट करायचा. शेजारच्या फळीचा जोड त्यापासून निदान तीन वांक दूर. कापलेल्या टोकांना बसवण्याआधी रंग पाजा. टोकाकडूनच लाकूड सर्वात जास्त पाणी पितं.

आणि हो, काठावर उभं राहून कुणीतरी म्हणणारच, "फायबर मारून टाक, कटकट मिटेल." जुन्या हलत्या फळ्यांवर मारलेलं फायबर पहिली एक-दोन वर्षं छान दिसतं. सागवान तेलकट, त्यात ओलं, त्यावर पॉलिएस्टर रेझिन नीट धरत नाही. फळ्या आत हलत राहतात, फायबर सुटतं, मधे पाणी शिरतं आणि लाकूड न दिसता कुजतं. ज्याला होडी एवढ्यातच मोडीत काढायची आहे त्याने खुशाल मारावं.

## टप्पा ५: खिळे

खिळ्याभोवती काळानिळा डाग म्हणजे लोखंड गंजून लाकडाला लागलंय. असे जुने खिळे पक्कडीने हिसकू नका, फळीला भगदाड पडतं. जुना खिळा आत दाबून भोक लाकडी खुंटीने बुजवा आणि नवा खिळा थोडा बाजूला, आधी बारीक ड्रिल मारून ठोका. आतल्या बाजूने दुसऱ्या माणसाने जड लोखंड धरायचं आणि खिळ्याचं टोक मुरडून वांकात परत रुतवायचं. इथे घाई केली की खिळा नुसता दिसायला असतो.

होडी लोखंडी खिळ्यांची असेल तर पुन्हा जाड गॅल्व्हनाइज्ड लोखंडच वापरा. तांबं आणि लोखंड खाऱ्या पाण्यात शेजारी आले की लोखंड झपाट्याने खाल्लं जातं.

पडताळणी: सगळे खिळे झाल्यावर पुन्हा एकदा ठोकत फिरा. फळी वांकावर बसली असेल तर आवाज एकसारखा येतो. जिथे खळखळ येते तिथे अजून एक खिळा. सांध्यांना हात यानंतरच.

## टप्पा ६: कलफात

आकडीने सांध्यातला जुना कापूस आणि लांबी काढा. सांधा खणून रुंद करू नका. तो आतल्या बाजूला मिटलेला आणि बाहेर दोन-तीन मिलिमीटर उघडा, पाचरीच्या आकाराचा असतो; कापूस त्या आकारामुळेच अडकून राहतो. तो आकार बिघडला तर कापूस थेट होडीत पडतो. खणायला इलेक्ट्रिक कटर तर मुळीच नको.

मोकळ्या सांध्यात पातळ केलेला प्रायमर ब्रशने पाजा आणि वाळू द्या. मग कापसाची सैल वात वळून तिचे छोटे छोटे फास करत सांध्यात भरा आणि छिणी-मोगरीने ठोका. आधी फळ्यांचे आडवे जोड, मग लांब सांधे. कापूस फळीच्या जाडीच्या मध्यापर्यंत जावा. किती घट्ट? मेस्त (सुतार) सांगायचे, "मोगरीचा आवाज बदलला की थांब." मऊ थपथप जाऊन कडक टक् आला की पुरे. त्यापुढे ठोकलं तर तुम्ही फळ्या वांकांपासून उचकटताय.

ज्याने होडी जास्त वाळवली त्याचा हात नेमका इथे चुकतो. रुंद फट बघून तो दुप्पट कापूस भरतो. फट वाळल्यामुळे रुंद असेल तर कापूस कमीच घाला. उरलेली जागा पाणी भरून काढील. आपली फट मुळात किती होती ते कळायला होडी ओली असतानाच चार-पाच ठिकाणी मोजून वहीत लिहिलेलं बरं.

कापसावर पुन्हा प्रायमर, आणि मग लांबी. खडूची पूड आणि बेलतेल मळून केलेली घरगुती लांबी अजूनही उत्तम चालते; पूर्वी राळ आणि तेल उकळून लावत. बाजारातलं लवचीक पॉलियुरेथेन सीलंट वापरायचं असेल तर लाकूड पूर्ण कोरडं हवं. पाण्याखाली सिलिकॉन नको आणि कडक होणारी इपॉक्सी पुट्टी तर नकोच. लांबी फळीच्या पातळीत न भरता अंगठ्याने किंचित खोलगट ठेवा. फळ्या फुगल्या की ती वर येते.

सावधान: बेलतेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत ठेवा. वर झापांचा मांडव आहे हे विसरू नका.

## टप्पा ७: रंग

बाहेरून प्रायमरचे दोन हात, मग पाण्याच्या रेषेखाली तांबंयुक्त अँटिफाउलिंग (बार्नेकल आणि शेवाळ धरू न देणारा रंग). पंख्याच्या आसपासच्या जस्ताच्या ठोकळ्यावर रंग लावू नका, तो झिजण्यासाठीच असतो. आउटबोर्ड (मागे बाहेर टांगलेलं इंजिन) असेल तर त्याच्या ॲल्युमिनियमच्या पायावर तांबंयुक्त रंग नको, पाय खाल्ला जातो. शेवटच्या हातानंतर किती दिवसांत पाण्यात सोडायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं. ते वाचून मगच मुहूर्त काढा.

आतल्या तळाला जाड तैलरंग नको. कोमट बेलतेलाचा एक हात द्या. लाकडाला एका बाजूने श्वास घेता आला पाहिजे.

## टप्पा ८: पाण्यात सोडणं

आठवडाभर आधीपासून आत गोणपाटं पसरून खाऱ्या पाण्याने भिजवत राहा. नळी लावून होडी काठोकाठ भरू नका. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन, आणि तो सगळा भार बाहेरच्या बाजूला खिळे उपटत असतो. चार बोटं पाणी पुरे.

पहिल्यांदा खोल पाण्यात सोडू नका. सुकतीला जिथे सपाट गाळ उघडा पडतो अशा जागी बांधा. पाणी भरलं तरी होडी बुडणार नाही, गाळावर बसेल. बॅटरी आणि स्टार्टर अजून घरीच.

होडी गळणार. पहिल्या दिवशी घाबरवेल इतकी. दर तासाला किती बादल्या उपसल्या ते वहीत लिहा. आकडा उतरत असेल तर हात लावू नका. दोन-तीन दिवसांत सहसा आटोक्यात येतं. चौथ्या दिवशीही आकडा तिथेच असेल तर पुन्हा खडूची पूड, पुन्हा रेघ. बारीक झिरप उरली असेल तर लांब काठीला डबा बांधून बाहेरून त्या सांध्याखाली लाकडाचा बारीक भुसा सोडा. पाण्याबरोबर ओढला जातो आणि फटीत अडकून फुगतो.

पहिल्या रात्री होडीत किंवा काठावर कुणीतरी जागं हवं. पंपाच्या स्वयंचलित स्विचवर भरवसा ठेवून घरी झोपायला गेलेले लोक मला माहीत आहेत.

## टप्पा ९: इंजिन सर्वात शेवटी

जमिनीवर शाफ्ट आणि इंजिन एका रेषेत आणून बोल्ट आवळले तर ते काम वाया. पाण्यात होडीचा आकार किंचित बदलतो. आठवडाभर तरंगल्यावर, टाकी अर्धी भरून, माणसं नेहमीच्या जागी असताना कपलिंगच्या दोन तबकड्यांमधली फट वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. लहान कपलिंगवर चारही मापांत ०.१ मिलिमीटरहून जास्त फरक नको. असेल तर इंजिनच्या पायांखाली पत्री घालून जुळवा. रेषा चुकली की शाफ्ट थरथरतो, ग्लँड झिजतं आणि नव्याने केलेला मागचा सांधा महिन्याभरात उघडतो.

ग्लँडची जुनी पॅकिंग पूर्ण काढा. वरून एक नवं वेटोळं घालून भागवू नका. नवी वेटोळी वेगवेगळी कापून, प्रत्येकाचा जोड आधीच्यापासून फिरवून बसवा. नट हाताने आवळा, मग इंजिन चालवून थोडा थोडा. चालताना मिनिटाला दोन-चार थेंब पडले पाहिजेत, त्यानेच पॅकिंग थंड राहतं. ग्लँडला हात लावून बघा. कोमट ठीक. चटका बसला तर पाव आटा सैल करा, दहा मिनिटं चालवा, आणि पुन्हा हात लावा.